कूलरला करंट येतो तेव्हा आरसीसीबी काय करतो

होळी झाली की नागपुरात गच्चीवरचे आणि माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. टाकीचा गंज खरवडायचा, नव्या ताट्या बसवायच्या, पंप बादलीत टाकून पाणी फेकतो का बघायचं आणि कूलर खिडकीत चढवायचा. या सगळ्या धावपळीत ज्या प्लगवर कूलर चालणार आहे त्याच्या मागे आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाइन तोडणारा स्विच, आहे का, हे बघायचं बहुतेक घरांत राहून जातं. दुकानात याला अजून ईएलसीबीच म्हणतात. खरा जुना ईएलसीबी वेगळ्या तत्त्वावर चालायचा आणि तो आता कुणी बसवत नाही, पण नाव टिकलं. ईएलसीबी मागितला तरी हातात आरसीसीबीच येतो.

पत्र्याचा कूलर हे आपल्या घरातलं सगळ्यात जोखमीचं उपकरण आहे, असं मला वाटतं. बॉडी लोखंडी, पंप पाण्यात बुडालेला, मोटर दिवसभर ओल्या हवेत. खाली सांडलेलं पाणी, आणि समोर अनवाणी पायांनी पाइप धरून टाकी भरणारा माणूस. पंपाच्या तोंडाशी वायर जिथे आत जाते तिथलं सील तडकलं की पाणी आत शिरतं. मोटरच्या जोडावर गुंडाळलेली काळी टेप दोन उन्हाळ्यांत सैल होते. पत्र्याच्या भोकातून नेलेली वायर थरथरीने घासून उघडी पडते, कारण त्या भोकात रबरी ग्रोमेट कुणी लावलेलं नसतं. यांतलं एकही कारण घडलं तर बॉडीवर फेज, म्हणजे जिवंत तारेचा करंट, येतो, आणि कूलर मात्र नेहमीसारखाच चालत राहतो.

आता आकडे बघा. ओल्या अंगाचा आणि अनवाणी पायांचा माणूस म्हणजे ढोबळमानाने १,००० ओहम. २३० व्होल्टला त्याच्यातून ०.२३ अँपिअर म्हणजे २३० मिलीअँपिअर जातील. साधारण १ मिलीअँपिअरला झिणझिण्या कळतात. १० च्या आसपास हाताचे स्नायू असे आवळतात की पकडलेली वस्तू सोडता येत नाही. त्याच्या काही पट करंट सेकंदभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरू लागतं, आणि मृत्यू येतो तो यानेच. पण बोर्डातल्या १६ अँपिअरच्या एमसीबीला (फ्यूजच्या जागी आलेल्या, जास्त करंटला आपोआप पडणाऱ्या स्विचला) हा ०.२३ अँपिअर म्हणजे कुणीतरी छताचा पंखा लावला, एवढंच दिसतं. तो पडणार नाही. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या घरांत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज दिसतात, त्यांचंही तेच. फ्यूज आणि एमसीबी वायर जळू नये म्हणून असतात, माणूस वाचवणं हे त्यांचं कामच नाही.

आरसीसीबी मोजतो वेगळीच गोष्ट. त्याच्या आत चुंबकीय पट्टीची एक गोल कडी असते आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही जाड तारा तिच्यातून जातात. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि कडीला काहीच जाणवत नाही. लोड १ अँपिअर असो की ३०, बेरीज शून्यच. पण त्यातला थोडासा जरी करंट कूलरच्या पत्र्यातून, माणसातून किंवा अर्थिंगमधून जमिनीत गेला, तर परतीचा हिशेब कमी पडतो. तेवढ्या फरकामुळे कडीवर गुंडाळलेल्या बारीक तारेच्या कॉइलमध्ये करंट तयार होतो. तो एका नाजूक रिलेला जातो. या रिलेची पट्टी कायम चुंबकाने ओढून धरलेली असते आणि मागून स्प्रिंग ताणलेली असते. कॉइलच्या करंटने चुंबकाची पकड ढिली होते, स्प्रिंग पट्टी खेचते आणि फेज-न्यूट्रल दोन्ही एकदम तुटतात.

घरासाठी जो घ्यायचा त्याच्या तोंडावर ०.०३ अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीअँपिअर. प्रमाणानुसार तो १५ च्या आत पडायला नको आणि ३० ला पडलाच पाहिजे, ०.३ सेकंदाच्या आत. गळती पाव अँपिअरची असेल तर ०.०४ सेकंदाच्या आत. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, म्हणजे एक आवर्तन ०.०२ सेकंदाचं. दोन आवर्तनांत काम संपतं आणि हृदयाच्या एका ठोक्याच्या मानाने हा वेळ फारच थोडा आहे. एक गैरसमज इथेच काढायला हवा. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावला म्हणजे अंगातून ३० च जातील, असं नाही. करंट २३० मिलीअँपिअरचाही लागू शकतो आणि झटका चांगला जोराचा बसतो. आरसीसीबी फक्त त्याचा वेळ कापतो, आणि जीव वाचतो तो त्या कापलेल्या वेळामुळे.

अमेरिकेत हेच तत्त्व सॉकेटमध्येच बसवलेलं असतं. तिथला जीएफसीआय ४ ते ६ मिलीअँपिअरलाच पडतो. बर्कलीचे प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिल यांनी १९६१ मध्ये तो तयार केला. किती करंटला माणसाचा हात सुटत नाही, याची मोजमापंही त्यांचीच आहेत.

नागपूरकरांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं, ती म्हणजे माती. अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहणारी बरीच घरं आहेत. शहराच्या पश्चिमेकडे बेसाल्टवरची काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. अर्थिंगचा रॉड आणि माती यांच्यामध्येच फट पडते. म्हणजे नवतपा (मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) सुरू होतो, कूलर चोवीस तास चालतो, नेमकी तेव्हा आपली अर्थिंग वर्षातली सगळ्यात कमजोर असते. समजा तिचा रोध ५० ओहम झाला आणि कूलरच्या बॉडीला सरळ फेज लागला. जमिनीत जाणारा करंट साधारण साडेचार अँपिअर. १६ चा एमसीबी ढिम्म हलणार नाही, आणि पत्र्यावर २०० व्होल्टच्या वर दाब तसाच उभा राहील. हिरवी वायर जोडलेली असूनही!

आरसीसीबीला मात्र ३० मिलीअँपिअर पुरतात. बॉडीवरचा दाब ५० व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नाही म्हटलं, तर ५० भागिले ०.०३ म्हणजे १,६०० ओहमहून खराब अर्थिंगवरसुद्धा तो पडेल. म्हणून अर्थिंग वाळली असली तरी त्याचं काम अडत नाही. तरी अर्थिंग सोडून देऊ नका, कारण फरक मोठा आहे. अर्थिंग असेल तर गळती सुरू झाल्याबरोबर आरसीसीबी पडतो, तेव्हा माणूस जवळही नसतो. अर्थिंग नसेल तर तो कुणीतरी हात लावेपर्यंत थांबतो, आणि जमिनीकडे जाणारी वाट त्या माणसाच्या अंगातून असते. म्हणून प्लगची जाड पिन कापू नका, टू-पिन अडॅप्टर वापरू नका, आणि हिरवी वायर कूलरच्या बॉडीला रंग खरवडून, नट-वॉशरने आवळा. अर्थिंगच्या खड्ड्यात एप्रिल-मेमध्ये आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

जुनं वायरिंग असलेल्या किंवा भाड्याच्या घरात सगळा बोर्ड बदलणं जमत नाही. तिथे कूलरच्या सॉकेटपुरता चार मॉड्यूलचा छोटा बॉक्स पुरतो. त्यात ६ अँपिअरचा एक सिंगल पोल एमसीबी आणि २५ अँपिअर, ३० मिलीअँपिअरचा टू-पोल आरसीसीबी. कूलर एक-दीड अँपिअरच्या वर क्वचितच घेतो. फेज आधी एमसीबीत, तिथून आरसीसीबीत. न्यूट्रल सरळ आरसीसीबीच्या ‘एन’ लिहिलेल्या टर्मिनलला. बाहेर पडलेल्या फेज-न्यूट्रलची जोडी फक्त त्या सॉकेटला जाईल. एमसीबी लागतोच, कारण शॉर्ट सर्किट आणि ओव्हरलोड आरसीसीबीला कळत नाहीत. दोन्ही कामं एकात हवी असतील तर आरसीबीओ मिळतो. घेताना इलेक्ट्रोमेकॅनिकल मागा. इलेक्ट्रॉनिक प्रकाराला चालायला स्वतःला पुरवठा लागतो. मागून न्यूट्रल तुटला तर तो निकामी होऊ शकतो आणि फेज मात्र जिवंत राहतो. इन्व्हर्टर एसी आणि वॉशिंग मशीन त्याच लाइनवर असेल तर ‘ए’ टाइप घ्या, नुसत्या कूलरला ‘एसी’ टाइप (इथे एसी म्हणजे अल्टरनेटिंग करंट) चालतो.

आरसीसीबी बसवल्यावर सारखा पडतो म्हणून काढून टाकलेला दिसतो, तेव्हा फार वाईट वाटतं. बहुतेक वेळा दोष वायरिंगचा असतो. सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे न्यूट्रलची सरमिसळ. आरसीसीबीच्या पुढच्या लाइनचा न्यूट्रल मागच्या जुन्या न्यूट्रल पट्टीला जोडलेला असतो, मग गेलेला करंट परत त्याच्यातून येतच नाही आणि लोड लावला की तो पडतो. दुसरी चूक, पुढे कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेले. अर्थ आला नाही म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रलवरून अर्थला तुकडा टाकणारे महाभाग आहेत. हा प्रकार आरसीसीबी नसतानाही जीवघेणा आहे, कारण न्यूट्रल तुटला की बॉडीवर फेज येतो.

दोष शोधायचा तर सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्यावर पडेल त्या लाइनचे सगळे प्लग काढून पुन्हा बघा. सगळे एमसीबी खाली असतानाही तो टिकत नसेल तर न्यूट्रल-अर्थचा स्पर्श समजा. सिंगल पोल एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, म्हणून इथे इलेक्ट्रिशियनला पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडून बघावे लागतात. कूलरचा संशय असेल तर पंप आणि पंखा वेगवेगळे मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घ्या, ५०० व्होल्टला. पंप पाण्याच्या बादलीत बुडवून, एक टोक त्याच्या दोन्ही वायरींना आणि दुसरं पाण्यात. १ मेगाओहमपेक्षा कमी आलं तर पंप फेका, त्याला टेप लावून चालवू नका.

टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. ते आतल्या एका रोधातून मुद्दाम असमतोल तयार करतं, त्यामुळे यंत्रणा मोकळी आहे एवढं कळतं, अर्थिंगबद्दल त्यातून काही कळत नाही. दाबून पडला नाही तर पुरवठा आहे ना ते बघा आणि असेल तर त्याच दिवशी बदला. आणखी एक मर्यादा लक्षात असू द्या. एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला आणि पायाखाली कोरडं लाकूड असलं, तर जाणारा-येणारा करंट सारखाच राहतो आणि आरसीसीबीला तो माणूस एखाद्या बल्बसारखा दिसतो. म्हणून टाकी भरताना, ताट्या ओल्या करताना प्लग काढायचाच. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण कुठल्याही बोर्डात बटण चुकून न्यूट्रलवर असू शकतं.

राहिला इन्व्हर्टर. मे महिन्यात लाइट जाते तेव्हा छोटा कूलर त्याच्यावरच चालतो. मेन बोर्डातला आरसीसीबी इन्व्हर्टरच्या मागे, म्हणजे पुरवठा येतो त्या बाजूला असतो, आणि बॅटरीवर चालू असताना फेज इन्व्हर्टरमधून निघतो, त्यामुळे त्या लाइनला संरक्षण नसतं. तिथे इन्व्हर्टरच्या आउटपुटला वेगळा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवा, आणि त्या लाइनचा न्यूट्रलसुद्धा त्याच्यातूनच परत यायला हवा. इलेक्ट्रिशियनला हे आधीच सांगा, आणि काम झाल्यावर मेन बंद करून, बॅटरीवर असतानाच टेस्ट बटण दाबून बघा.