खोबरेल गोठते, शेंगतेल का गोठत नाही?

जानेवारीच्या पहाटे कोल्हापुरात थंडी चांगलीच जाणवते. त्या दिवसांत आमच्या न्हाणीघराच्या कोनाड्यातले खोबरेल पांढरे, घट्ट होऊन बसते आणि स्वयंपाकघरात कटासाठी ठेवलेले शेंगतेल मात्र वाहतेच राहते. बारावीच्या मुलांना रासायनिक बंध शिकवताना मी फळ्याला हात लावण्याआधी या दोन बाटल्या टेबलावर ठेवतो, कारण संकरणाची, म्हणजे अणूचे कक्षक मिसळून नवे कक्षक होण्याची, व्याख्या पाठ करूनही बंधाचा आकार मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

खोबरेलातील बहुतेक मेदाम्ले संपृक्त, म्हणजे कार्बनच्या साखळीत दुहेरी बंध नसलेली असतात, तर शेंगतेलात ओलेइक आम्लाचा वाटा मोठा असतो. तुलना सोपी व्हावी म्हणून संपृक्तांपैकी मी स्टिअरिक आम्ल घेतो. स्टिअरिक आणि ओलेइक या दोन्हींत 18 कार्बन असतात. फरक एवढाच, की ओलेइकमध्ये नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध असतो. तरीही स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंशांना वितळते आणि ओलेइक 13-14 अंशांनाच. दोन हायड्रोजन कमी झाल्याने एवढा फरक कसा पडतो, हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतेच, आणि मला त्याचा फार आनंद होतो.

मग कुंभार गल्लीतून आणलेल्या शाडूच्या गोळ्या आणि आगकाड्या बाहेर निघतात; गोळी म्हणजे अणू, काडी म्हणजे बंध. एका काडीने जोडलेल्या गोळ्या सहज फिरतात; दोन काड्या लावल्या की फिरणे थांबते. मात्र खऱ्या रेणूत हे दोन बंध सारखे नसतात, हे इथे सांगावेच लागते. पहिला सिग्मा बंध दोन अणूंना जोडणाऱ्या रेषेवर असतो, तर दुसरा, पाय (π) बंध, पी कक्षकांच्या (अणूभोवती इलेक्ट्रॉन असण्याच्या डंबेलसारख्या जागांच्या) बाजूबाजूच्या आच्छादनातून त्या रेषेच्या वर आणि खाली पसरतो. एक टोक फिरवले की ते आच्छादनच तुटते. एकेरी बंध तोडण्यास मोलमागे सुमारे 347 किलोज्यूल लागतात आणि दुहेरीस सुमारे 614, म्हणजे दुसरा बंध पहिल्यापेक्षा दुबळा. पण रेणूला एका आकारात रोखून धरण्यास तो पुरेसा आहे.

ओलेइकमध्ये साखळीचे दोन्ही भाग या बंधाच्या एकाच बाजूस असल्याने ती मध्येच वाकते आणि वाकलेल्या साखळ्या एकमेकींना चिकटून रचल्या जात नाहीत, म्हणून ते कमी तापमानालाच वितळते. तेच भाग विरुद्ध बाजूंना असले, तर अणू तितकेच राहून इलायडिक आम्ल होते, साखळी जवळजवळ सरळ राहते आणि वितळणबिंदू सुमारे 45 अंशांवर जातो. हा बदल करण्यासाठी शाडूच्या प्रतिकृतीतील एक काडी उपसावी लागते, गोळी अर्धा फेरा फिरवावी लागते आणि काडी पुन्हा खोचावी लागते.