शेताला ‘निवासी’ नको म्हणणारे शेजारी

मावळात वाढलेल्या माणसाला झोन म्हणजे काय हे कोणी शिकवावं लागत नाही. शेतीच्या हिरव्या पट्ट्यातली जमीन निवासी पिवळ्यात आली की गावात पेढे वाटले जातात. म्हणूनच 2025 च्या मार्चमध्ये शेजारच्या शेतकऱ्यांनी मला विचारलं, “माझं शेत निवासी झोनमधून काढायचंय, अर्ज भरून देशील?” तेव्हा मी त्यांना दोनदा विचारून घेतलं, काढायचंय की घालायचंय?

काढायचंच होतं.

आम्ही राहतो ते सेलब्रिज आयर्लंडच्या किल्डेअर काउंटीत, लिफी नदीच्या काठावर आहे. 2022 च्या जनगणनेत वस्ती 20 हजारांवर गेली, तरी गावात गाड्यांना नदी ओलांडायला पूल एकच. यांचं शेत आमच्या वसाहतीच्या कुंपणाला लागून आहे. फाटकाशी लाकडी खोक्यात अंडी ठेवलेली असतात आणि बाजूला पत्र्याचा डबा. आपण अंडी घ्यायची, नाणी टाकायची. बघायला कोणी नसतं. चार वर्षांची आमची ओळख ही अशी, अंड्यांवरची.

इथे काउंटीचा विकास आराखडा असतो, आपल्या डीपीसारखा. किल्डेअरचा सध्याचा 2023 ते 2029 चा आहे. कोणत्या गावात किती घरं वाढवायची ते त्यात ठरतं. त्याच्या खाली एकेका गावाचा ‘लोकल एरिया प्लॅन’, आणि ज्याचं शेत आहे त्याच्या दृष्टीने खरा निकाल तिथे लागतो. नकाशावर प्रत्येक तुकड्याला एक अक्षर मिळतं: ‘ए’ म्हणजे गावाचा मध्य, ‘बी’ जुनी वस्ती, ‘सी’ नवी घरं, ‘एफ’ मोकळी जागा, ‘आय’ शेती. आधी कोणता रस्ता, कोणतं पाळणाघर, मग पुढची घरं, असे टप्पेही त्यातच घालून दिलेले असतात. गावाचा आराखडा काउंटीच्या आराखड्याशी विसंगत असून चालत नाही. पण झोनची रेघ तुमच्या बांधाच्या अलीकडून जाणार की पलीकडून, हे तो ठरवतो, आणि त्यावर शिक्का मारतात निवडून आलेले कौन्सिलर.

यांच्या शेताला ‘सी’ मिळाला होता. वाडवडिलांचं शेत, गाई चरताहेत, अक्षर काही का असेना, असं म्हणून ते गप्प होते. मग कर आला. निवासी झोनमधली, पाणी-सांडपाण्याची सोय जवळ असलेली पण घरं न बांधलेली जमीन असेल तर दरवर्षी बाजारभावाच्या 3 टक्के. कायदा 2021 चा, आकारणी फेब्रुवारी 2025 पासून. जमीन दहा लाख युरोची धरली तर वर्षाला 30 हजार युरो. जमीन अडवून भाव वाढायची वाट बघणाऱ्यांना हा कर लागलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. पण गाई 30 हजार युरो कुठून देणार?

माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला. नखात माती असलेलं बोट ‘सी’वर ठेवून म्हणाले, “लिही, या शेताचे चर माझ्या आजोबांनी खणले.” मी लिहिलं. मी त्यांना हेही सांगितलं, की इथे घरं झाली तर मला बरंच वाटेल. आमचं भाडं पगाराचा मोठा लचका तोडतं, आणि आमची वसाहतही कधीकाळी कोणाचं तरी शेतच होती. ते म्हणाले, “ठाऊक आहे. तिथे माझे काका ओट पेरायचे.” राग नव्हता त्यांच्या आवाजात.

हे वाचून कोणी असं म्हणू नये की बघा, त्यांचं मातीवर प्रेम आणि आपण विकायला टपलेले. आमच्या अडीच एकरात तीन भावांचं भागत नव्हतं. पिवळ्याची वाट आम्ही पाहिली ती बहिणीच्या लग्नासाठी, माझ्या शिक्षणासाठी. आणि इथलं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असंही नाही. डब्लिनच्या आसपास झोन बदलून घ्यायला कौन्सिलरांना पैसे चारले गेले. त्याची चौकशी 1997 मध्ये सुरू झाली आणि अंतिम अहवाल आला 2012 मध्ये. पंधरा वर्षं! हा रोग आपल्या एकट्याचा नाही.

तरी एका गोष्टीचं मला इथे अपार कौतुक आहे. आराखड्याच्या मसुद्यावर कोणीही लिहू शकतं, भाडेकरूसुद्धा. आलेल्या सूचनांचा गोषवारा आणि त्यावर प्रशासनाचं उत्तर असा अहवाल छापला जातो, सगळ्यांना वाचता येतो. माझा पासपोर्ट भारतीय, पण स्थानिक निवडणुकीत इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही मत आहे. जून 2024 मध्ये मी ते दिलं. म्हणजे या शेताचं अक्षर बदलायचं की नाही हे ठरवणाऱ्यांना निवडण्यात माझाही वाटा आहे. आमच्या मावळातल्या आराखड्याचं प्रारूप 2021 मध्ये आलं, हजारो हरकती गेल्या, सुनावण्या झाल्या आणि 2025 मध्ये तो आराखडाच रद्द झाला. आबांची हरकत मीच लिहिली होती, इथून, फोनवर ऐकत ऐकत. गट नंबर मला अजून पाठ आहे.

अर्जाची मुदत 1 एप्रिलपर्यंत होती. आम्ही दोन दिवस आधी पाठवला. रात्री आबांना फोनवर सगळं सांगितलं. निवासीतून काढायला मागतोय, हे त्यांना पटेना. बराच वेळ गप्प राहिले. मग एवढंच विचारलं, “पोच घेतली का?”

ईमेलवर आली होती, क्रमांकासकट. दुसऱ्या दिवशी ती छापून मी फाटकाशी नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून क्रमांक वाचला, कागदाची घडी घातली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. त्या दिवशी अंड्यांचे पैसे त्यांनी डब्यात टाकू दिले नाहीत.