हॅवलॉकला जाताय ना, मग फोटोपुरतं स्कूबा नको

अंदमानचं प्लॅनिंग चाललंय, हॅवलॉकला एक रात्र पुरेल का, असं ओळखीतलं कोणी ना कोणी सारखं विचारत असतं आणि मी प्रत्येकाला तेच सांगते, बाकीची दोन बेटं वगळा पण हॅवलॉकला मुक्काम वाढवा. आता कागदोपत्री ते स्वराज द्वीप आहे, २०१८ मध्ये नाव बदललं, पण जेटीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे हॅवलॉकच म्हणतात.

आपल्याकडच्या पॅकेजमध्ये "स्कूबा इन्क्लुडेड" लिहिलेलं असतं ते म्हणजे ट्राय डाइव्ह. पोहता येत नसलं तरी चालतं, इन्स्ट्रक्टर मागून टँक धरतो आणि तुम्हाला बाजारातल्या पिशवीसारखं हातात धरून फिरवून आणतो, समोरून एक जण व्हिडिओ काढतो, तुम्ही ओके करता, थोडे मासे दिसतात, संपलं. मालवण-तारकर्लीला ज्यांनी केलंय त्यांनी हेच केलंय आणि त्यात वाईट काहीच नाही, पहिल्यांदा पाण्याखाली श्वास घेतल्यावर जे होतं ते होतंच. पण एवढं विमान, त्यावर बोट, करून अंदमानपर्यंत जायचं आणि तिथेही तेच? त्यापेक्षा तीन-चार दिवस काढून ओपन वॉटरचा, म्हणजे स्वतः डाइव्ह करायला शिकवणारा पहिला कोर्स करा. मग १८ मीटरपर्यंत स्वतःच्या हातापायाने फिरता येतं, आणि कोर्सनंतर मिळणारं कार्ड जगात कुठेही चालतं.

अट काय तर थोडं पोहणं. २०० मीटर, वेळेची मर्यादा नाही, आणि १० मिनिटं तरंगून दाखवायचं. वय किमान १०. एक मेडिकल फॉर्म असतो, दमा, कान, हार्ट, बीपी असे प्रश्न, त्यातल्या काही प्रश्नांना "हो" आलं तर डॉक्टरची सही लागते. ती सही पुण्या-मुंबईहून निघतानाच घेऊन जा, तिथे गेल्यावर डॉक्टर शोधत बसाल आणि एक सकाळ जाईल.

कोर्समध्ये सगळ्यात जास्त लोकांची फाटते ती डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कला. उथळ पाण्यात वाळूवर गुडघे टेकून बसायचं आणि मास्क आपल्याच हाताने उचलून आत पाणी घ्यायचं. खारं पाणी डोळ्यात, नाकपुड्यांपर्यंत, आणि मेंदू ओरडत असतो की वर चल वर चल. तोंडात रेग्युलेटर आहे, म्हणजे टँकमधली हवा देणारी नळी, हवा चालू आहे, बुडण्याचा काही संबंध नाही, पण नाक ओलं झालं की माणूस सगळं विसरतो. करायचं इतकंच की मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नजर जरा वर, आणि नाकाने हळूहळू श्वास सोडत राहायचं, पाणी खालून आपोआप निघून जातं. माझ्या नवऱ्याने पहिल्या सकाळी दोनदा वर येऊन "मी किनाऱ्यावर पुस्तक वाचतो, तू कर" असं जाहीर केलं होतं. आमचा इन्स्ट्रक्टर तिथलाच, बंगाली घरातला शांत मुलगा, तो काही समजवायच्या भानगडीत पडला नाही, फक्त म्हणाला "दादा, कल सुबह फिर करेंगे". दुसऱ्या दिवशी झालं.

कानाचं मात्र सिरियसली घ्या. दर १० मीटरला एक वातावरण इतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो वरच्या दुप्पट, त्यामुळे नाक दाबून कान मोकळे करायचे ते दुखायच्या आधीच, दुखायला लागल्यावर नाही. आणि श्वास कधीच रोखायचा नाही, कारण वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. सर्दी असेल तर त्या दिवशी गप्प नारळपाणी प्यायचं.

आता गंमतीचं. पाण्याखाली लाल रंग सगळ्यात आधी जातो हे वाचलेलं असतं पण स्वतःचा लालभडक स्विमसूट खाली मातकट दिसला की मजा वाटते. आवाजाचं तर मला कोणीच सांगितलं नव्हतं. पॅरटफिश प्रवाळावर चोच मारतो ते चक्क ऐकू येतं, कुणीतरी शेजारी बसून चकली खातंय असं, आणि तेच प्रवाळ पोटात दळून मागून वाळू म्हणून बाहेर. एका खडकापाशी स्वीटलिप्स नावाचा एक मोठा मासा तोंड उघडून नुसता थांबला होता, मला वाटलं आजारी आहे की काय, तर एक बोटभर निळा-काळा मासा त्याच्या तोंडात शिरला, कल्ल्यातून बाहेर आला, परत शिरला. क्लीनर रास, साफसफाई करून त्यातच पोट भरतो. मागे अजून दोन मासे नंबर लावून. आम्ही कितीतरी वेळ तिथेच. ट्राय डाइव्हमध्ये हे होत नाही, कारण कुठे थांबायचं ते तुमच्या हातात नसतं.

एक खरं सांगते, इन्स्टाग्रामवरचं रंगीबेरंगी प्रवाळ डोक्यात ठेवून जाऊ नका. २०१० ला समुद्र तापून अंदमानचं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं, २०१६ ला परत, त्यामुळे उथळ भागात बऱ्याच ठिकाणी नुसते तुकडे पडलेत. मासे मात्र भरपूर. कार्ड मिळालं की लाइटहाउस, अ‍ॅक्वेरियम अशा डाइव्हच्या जागा करता येतात, डिक्सन्स पिनॅकल, जॉनीज गॉर्ज यांची नावं बोटीवर सतत ऐकाल पण त्या खोल आहेत, त्याला पुढचा कोर्स. आणि शंख-प्रवाळ काहीही उचलून आणू नका, प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

डाइव्हिंग सकाळी लवकर उरकतं कारण तिथे घड्याळ आपलं पण सूर्य वेगळाच, पहाटे पाचला उजाडतं आणि थंडीच्या दिवसांत संध्याकाळी पाच-सव्वापाचला अंधारायला लागतं. दुपारी झोप, मग राधानगर बीच. गावांची नावं बघा, गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथे वसवली, म्हणून बाजारातल्या साध्या खानावळीत मोहरीतला मासा आणि भात रिसॉर्टपेक्षा शंभर पटीने चांगला मिळतो. आमच्या रिसॉर्टमध्ये पनीर बटर मसाला होता, त्याबद्दल न बोललेलं बरं.

शेवटचं आणि महत्त्वाचं म्हणजे विमान. एकाहून जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसायच्या आधी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात, शरीरातला नायट्रोजन निघायला. त्यात हवा बिघडली की बोटी रद्द होतात. म्हणून सगळे पहिल्या दिवशी सेल्युलर जेल बघून मग बेटावर जातात ना, ते उलटं करा. उतरलात की थेट बोट पकडा, आधी डाइव्हिंग, आणि पोर्ट ब्लेअर (२०२४ पासून कागदोपत्री श्री विजयपुरम), जेल, म्युझियम सगळं शेवटी, निवांत. पॅकेजवाला म्हणेल मॅडम असं उलटं बसत नाही, त्याला सांगा बसतं.