डोळे शेवटी लावायचे

न्यू जर्सीतल्या ज्या शाळेत माझी मुलगी किंडरगार्टनमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या शिशुवर्गात, शिकत होती, तिथल्या बाईंनी ऑक्टोबर उजाडताच पालकांना विचारले, की हॅलोवीनच्या दुपारी वर्गात होणाऱ्या पार्टीसाठी मुलांकडून एखादी सोपी हस्तकला करून घ्यायला कोणी येईल का. मी लगेच होकार देऊन बसले. गोव्यात वाढलेल्या माणसाला भयंकर तोंडे करण्याचे भय कसले? नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यावरची मुले गवत आणि रद्दी कागद यांचा नरकासुर उभा करीत आणि पहाटे तो जाळीत. त्याच्यासाठी घरून खळ शिजवून नेण्याचे काम माझ्याकडे असे. शिवाय २०२४ साली नरकचतुर्दशीची पहाट आणि हॅलोवीनची संध्याकाळ एकाच तारखेला, ३१ ऑक्टोबरला, आली होती, त्यामुळे दोन्हीकडची भुते एकाच दिवसात उरकतील असा माझा हिशेब होता.

‘सोपी’ हा शब्द मात्र फार फसवा आहे. सोपी कोणासाठी, हे त्यात सांगितलेले नसते.

मी निवडला कोळी. काळी कागदी थाळी हे त्याचे अंग, काळ्या कार्डपेपरच्या पट्ट्या हे पाय आणि बाजारात पाकिटातून मिळणारे, आत काळे बुबुळ खुळखुळणारे प्लास्टिकचे डोळे. पांढऱ्या थाळ्या आणून मुलांकडून रंगवून घ्याव्यात असेही मनात आले होते, पण पार्टी तासाभराची, आणि ओला रंग कोणाच्या वेळापत्रकाप्रमाणे वाळत नाही. वर्गात मुले बावीस, प्रत्येक कोळ्याचे पाय आठ, म्हणजे एकूण पट्ट्या १७६. आदल्या आठवड्यात रात्री बसून मी त्या सगळ्या कापल्या आणि पंख्यासारख्या घड्या घालून प्रत्येक कोळ्याची वेगळी पिशवीही भरली. तेव्हा मुंबईहून आलेल्या सासूबाई शेजारी बसून हे बघत होत्या. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, ‘‘अगं, सगळं तूच केलंस तर पोरांनी काय नुसता गोंद लावायचा?’’

मला तेव्हा त्यांचा थोडा रागच आला, कारण प्रश्न बरोबर होता. मोठ्या माणसांना जी हस्तकला सोपी वाटते, ती बहुधा मुलांच्या वाट्याला काही उरलेच नाही म्हणून सोपी झालेली असते. सगळ्या पिशव्या सारख्या, सगळे कोळी सारखे, आणि भिंतीवर ते ओळीने लावले की कारखान्यातून आल्यासारखे दिसतात. दुसऱ्या दिवशी मी पिशव्या रिकाम्या केल्या, पट्ट्यांचा एकच ढीग एका खोक्यात टाकला आणि घड्या उलगडून ठेवल्या. (उलगडलेल्या घडीची खूण कागदावरून जात नाही, तेवढी फसवणूक राहिलीच.)

दुसरा प्रयोग होता भुताचा. पायाच्या तळव्याला पांढरा रंग लावून काळ्या कागदावर ठसा उमटवायचा आणि कागद उलटा धरायचा, की टाच हे डोके होते आणि पाच बोटे ही भुताच्या झग्याची फाटकी किनार. कल्पना सुरेख आहे, परंतु घरात, एका मुलासाठी आणि नळाशेजारी. बावीस मुलांचे बूटमोजे काढून, पाय रंगवून, धुऊन, पुसून पुन्हा बूटमोजे चढवणे हे वर्गातल्या एका बेसिनवर होणारे काम नव्हे. म्हणून शेवटी कापसाच्या गोळ्यावर कागदी रुमाल घातला आणि मानेशी बांधायचे ठरवले. पुष्कळ ठिकाणी कापसाऐवजी काडीची गोळी घालतात, पण कोणाला कशाची ॲलर्जी असेल ते सांगता येत नाही, त्यामुळे खाऊ टाळला. बांधण्याची अडचण अशी, की पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांना गाठ मारता येत नाही. त्यावर लोकर गुंडाळलेली ती मऊ तार, जिला इथे पाइप क्लीनर म्हणतात, कामी आली, कारण पीळ मात्र सगळ्यांना देता येतो.

भोपळा मात्र कोरायचा नव्हता. वर्गात सुरी नेण्याचा प्रश्नच नाही, म्हणून प्रत्येक टेबलावर एकेक लहान भोपळा ठेवला आणि त्यावर मुलांनी कागदाचे नाक-तोंड चिकटवले. कोरण्याची प्रथा मुळात भोपळ्याची नाहीच. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये लोक सलगम पोखरून त्यात दिवा ठेवीत आणि तिकडून अमेरिकेत आलेल्यांना आयता मोठा, पोखरायला मऊ भोपळा सापडला. १९४३ साली डोनेगल परगण्यातल्या एका शिक्षिकेने आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला असा एक सलगमाचा कंदील दिला होता. त्याच्या प्लास्टरच्या प्रतिकृतीचे छायाचित्र मी पाहिले आहे. आखडलेले तोंड, खोल गेलेले डोळे, आणि चार-दोन विचकलेले दात. आजचा हसरा नारिंगी भोपळा त्याच्यापुढे अगदीच सज्जन वाटतो. (ज्यांना तो सज्जन भोपळा पार्टीनंतर खाण्याचा मोह होतो, त्यांच्यासाठी स्वानुभव: कोरण्याच्या मोठ्या भोपळ्याचे घारगे करू नयेत. गर पाणचट आणि दोरेदार असतो, कणीक सैल होत जाते आणि तेल विनाकारण तापते. खायचा लहान, गोड भोपळा वेगळा मिळतो.)

प्रत्यक्ष दिवशी मुले चेटकीण, अंतराळवीर, फुलपाखरू अशा वेशांत कोळ्यांभोवती बसली. एक मुलगा डायनासोर होता आणि त्याचे कापडी पंजे बोटांच्या आड येत होते, म्हणून त्याने दातांनी कागद फाडला. मी पाय मोजून लावायला सांगितले, एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार. तरीही एका कोळ्याला सहा पाय आले, एकाला अकरा, आणि एका मुलीने सगळे पाय एकाच बाजूला लावून तो झोपला आहे असे मला समजावले. ज्यांच्या घरी हॅलोवीन पाळत नाहीत अशी दोन मुले होती, त्यांच्यासाठी पानगळीची पाने आणून घुबड करायची सोय ठेवली होती. पाच मिनिटांत निम्मा वर्ग घुबडांकडे वळला.

एक गोष्ट मात्र मी नरकासुराच्या अनुभवावरून आधीच ठरवली होती. डोळ्यांचे पाकीट शेवटपर्यंत माझ्या खिशात ठेवायचे. वाड्यावरची मोठी मुले नरकासुराचे डोळे सगळ्यात शेवटी रंगवीत, कारण डोळे आले की बाकीच्या कामात कोणाचे लक्ष राहत नाही. इथेही तसेच झाले. पाकीट फोडताच गोंद, पट्ट्या, कापूस सगळे जागच्या जागी राहिले आणि डोळे कोळ्यांना, भुतांना, घुबडांना, शेवटी पाण्याच्या बाटल्यांना आणि बाईंच्या स्टेपलरलाही लागले.

पहाटे उटणे लावून घेताना रडलेली माझी चेटकीण संध्याकाळी हातात पिशवी घेऊन दारोदार गोळ्या मागून आली. आमच्या दारात रांगोळी होती, पणत्या होत्या आणि तिचा नऊ पायांचा कोळी होता. येणारी मुले रांगोळीला वळसा घालून गोळी घेत आणि वर बघून हसत. मला वाटले, दिवाळीचा कंदील त्यांना नवा असेल. रात्री दार लावताना मी वर पाहिले, तर खिशातून निसटलेले दोन डोळे आकाशकंदिलाला चिकटवलेले होते, एक सरळ आणि एक तिरका.