जिमी जॉर्ज आणि आपलं कळव्याचं ग्राउंड

स्मरणिकेसाठी लिही म्हटल्यावर बाकीचे सगळे गॅदरिंग, सहल, मधल्या सुट्टीतला वडापाव यावर लिहिणार हे नक्की होतं, म्हणून मी व्हॉलीबॉलपटू जिमी जॉर्जवर लिहितोय. आपल्याकडे क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाडूचं नाव कुणाला फारसं माहीत नसतं, पण आमच्या १९८८ च्या दहावीच्या बॅचमधल्या ग्राउंडवर असणाऱ्या कुठल्याही पोराला जिमी कोण असं विचारा, तो आज पन्नाशीतसुद्धा स्मॅशची अ‍ॅक्शन करूनच उत्तर देईल.

याचं सगळं क्रेडिट आपल्या पीटीच्या सरांना. तेव्हा कळव्यात जिकडेतिकडे शूटिंग व्हॉलीबॉल, म्हणजे बॉल थेट पलीकडे मारायचा प्रकार चालायचा, ठाणे-बेलापूर रोडच्या कंपन्यांतली माणसं शिफ्ट सुटली की तेच खेळायची, पण सरांना वेड होतं ते लिफ्ट आणि स्मॅशवाल्या व्हॉलीबॉलचं, एकाने नेटजवळ बॉल उंच द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो पलीकडे खाली हाणायचा. त्या कंपन्यांत केरळची बरीच मंडळी होती, त्यातल्या एका दोस्ताकडून सरांना मल्याळी पेपरातली जिमीची कात्रणं मिळायची. मजकूर आमच्यापैकी कुणालाच वाचता यायचा नाही पण फोटो बघून आम्ही येडे व्हायचो. नेट जमिनीपासून २.४३ मीटर उंच, आमचे हात उड्या मारूनसुद्धा जेमतेम वरच्या पट्टीला लागायचे आणि हा माणूस त्याच्याही वर हवेत!

सरांच्या तोंडून जिमीची सगळी कहाणी आम्हाला पाठ झाली होती. जन्म १९५५ चा, कन्नूर जिल्ह्यातलं पेरावूर गाव, आठ भाऊ आणि आठही व्हॉलीबॉल खेळणारे, म्हणजे घरातल्या घरात सहा जणांची टीम तयार आणि वर बदली खेळाडूसुद्धा. १९७४ ला तेहरानच्या एशियाडला गेला तेव्हा तो विशीतही नव्हता, १९७६ ला अर्जुन पुरस्कार, १९७८ ला बँकॉक, मग अबुधाबीचा क्लब आणि १९८२ पासून थेट इटलीची लीग. त्या काळात भारतातला व्हॉलीबॉलपटू पैसे घेऊन युरोपात खेळतो हे ऐकूनच आम्ही गार व्हायचो, कारण आधी कुणी तसं केलेलंच नव्हतं.

आता सर स्मॅश कसा शिकवायचे ते सांगतो. सर पांढरी फक्की घेऊन नेटपासून तीन मीटरवरच्या लाइनमागे पावलांचे ठसे काढायचे, डावा, उजवा, डावा, पहिलं पाऊल छोटं, दुसरं लांब, तिसरं पटकन लावून दोन्ही पायांवर उडी. वर जांभळाच्या फांदीला जुन्या जाळीत बॉल टांगलेला. "बॉल खाली यायची वाट बघू नकोस, तू त्याच्याकडे जा, जिमी जातो," हे ऐकून ऐकून कान किटले होते. त्या वेळी नियमही वेगळे होते, पॉइंट फक्त आपली सर्व्हिस असतानाच मिळायचा, त्यामुळे पंधरा पॉइंटचा सेटसुद्धा लांबतच जायचा, दोन्हीकडून सर्व्हिस बदलत राहायची पण स्कोअर तिथेच. आत्ता पंचवीसचा सेट असतो आणि सर्व्हिस कुणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट मिळतो, त्या पोरांना ते कळणार नाही, पण शेवटपर्यंत उडी तेवढीच राहणं ही खरी परीक्षा असायची आणि माझ्या मते जिमी मोठा होता तो इथे.

१९८६ ला सोलच्या एशियाडमध्ये आपण जपानला हरवून ब्राँझ घेतलं, त्या दिवशी आमच्या ग्राउंडवर पेढे वाटले गेले, सरांनी स्वतःच्या खिशातून. त्याच टीममध्ये जिमीबरोबर पी. व्ही. रमणा होते, आपल्या बॅडमिंटनच्या सिंधूचे वडील. त्यानंतर आपल्या पुरुष टीमला एशियाडचं मेडल नाही, २०२३ ला हांगझोऊत कोरियाला पाच सेटमध्ये हरवलं तेव्हा मी घरात एकटाच ओरडत होतो, पण शेवटी सहाव्या नंबरवर थांबलो.

आम्ही दहावीत असताना ३० नोव्हेंबर १९८७ ला इटलीत कार अ‍ॅक्सिडेंटमध्ये जिमी गेला. वय फक्त बत्तीस. बातमी आली त्या दिवशी सरांनी पीटीचा तास घेतला नाही, आम्ही पोरांनीच नेट बांधलं, मॅच खेळलो आणि कुणीही पॉइंटवरून भांडलं नाही, जे आमच्या बाबतीत अशक्य होतं.

पुढे फॅमिलीला घेऊन केरळला गेलो तेव्हा तिरुवनंतपुरमला त्याच्या नावाचं इनडोअर स्टेडियम बघितलं, मुलीने विचारलं हे कोण, आणि मी तिला तिथेच फुटपाथवर डावा-उजवा-डावा करून दाखवलं.

मुख्याध्यापक बाई, एक विनंती आहे. शाळेत आंतरवर्गीय व्हॉलीबॉल पुन्हा सुरू करा, मुलींचंसुद्धा, आणि कपला जिमी जॉर्जचं नाव द्या. कप, दोन बॉल आणि नवीन नेट आमच्या बॅचकडून, पोरांशी बोलणं झालंय, फक्त तारीख कळवा.