जरा मागे घे

इंग्रजी सिनेमा लागला आणि त्यात न्यूयॉर्क आलं, की आमच्या घरात माझ्या हातातला रिमोट काढून घेतात. पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ आहे. नायिका बोटीच्या कठड्याला रेलून रडत असते, तिच्या आयुष्याचं वाटोळं झालेलं असतं, आणि मी ओरडतो, "थांब थांब, जरा मागे घे!" तिच्या खांद्यावरून दोन राखाडी पट्ट्या डोकावून गेलेल्या असतात. मुलगी सुस्कारा सोडते. "ए बाबा, बघितले ना तुझे टॉवर? आता पुढे जाऊ?"

तिचा जन्म २००३ चा. तिने ते उभे असलेले कधी पाहिले नाहीत. तिच्या लेखी ते माझे टॉवर आहेत, जसं आजोबांचं घड्याळ, तसे. आता गंमत अशी, की मीही न्यूयॉर्कला गेलेलो नाही. अमेरिकेचा व्हिसा मी कधी मागितलाच नाही, त्यामुळे तो नाकारला गेल्याचा मानही माझ्या वाट्याला आलेला नाही. तरी वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या त्या दोन इमारतींशी माझी ओळख जुनी आहे. ती झाली सदाशिव पेठेत, आत्याच्या शोकेसमध्ये.

आत्याचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, नोकरीसाठी न्यू जर्सीला गेला तेव्हा त्याने पहिल्याच वर्षी फोटोंचं एक पाकीट पाठवलं होतं. त्यातला एक आत्याने शोकेसमधल्या काचेच्या हंसांना टेकवून ठेवला. निळं जाकीट घातलेला दादा, मागे दोन राखाडी भिंती, आणि वर लगेच फोटोची कड. इमारती मावेनात म्हणून काढणारा मागे मागे सरकला असणार, शेवटी कंटाळून त्याने कॅमेरा वर उचलला असणार. परिणामी दादाचे पाय गुडघ्यापासून गेले आणि इमारती अर्ध्यासुद्धा आल्या नाहीत. खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. आल्यागेल्याला आत्या सांगायची, "एकशे दहा मजली आहेत. दोन्ही." दोन्हींचा मेंटेनन्स तीच भरत असल्यासारखी.

११ सप्टेंबर २००१ ला मंगळवार होता, पितृपंधरवडा चालू होता. पहिलं विमान धडकलं तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते. मी आत्याकडे पोचलो तोवर एक टॉवर पडला होता, आणि आठ वाजायच्या आत दुसराही गेला. टीव्हीवर तेच तेच परत दाखवत होते. आत्या फोन फिरवत होती आणि लाइन लागत नव्हती. मी समजावत होतो, "अगं, दादाचं ऑफिस एडिसनला आहे, तिथून किती लांब!" ती म्हणाली, "मला माहितीये रे. पण फोटो तर तिथलाच आहे ना!"

या बोलण्यात तर्क शून्य. पण टीव्हीकडे आणि शोकेसकडे आळीपाळीने बघताना मला ते पटत होतं. दादाचा फोन रात्री दोनला आला. "झोपली नाहीस अजून?" असं त्यानेच वर विचारलं.

दुसऱ्या दिवशी आत्याने फोटो काढून कपाटात ठेवला.

माझी खोड त्यानंतरची. नाताळच्या सुमारास केबलवर 'होम अलोन २' लागला होता. १९९२ चा सिनेमा. घरच्यांपासून चुकलेलं ते पोरगं एकटंच हिंडत हिंडत दक्षिणेकडच्या टॉवरच्या गच्चीवर जातं आणि तिथून शहर बघतं. हा प्रसंग मी आधी दोनदा तरी पाहिला होता, कुरमुरे खात. त्या दिवशी मात्र पोरगं सोडून मी त्याच्या पायाखालची गच्ची बघत बसलो. हा मजला आता हवेत आहे, असा काहीतरी विचित्र विचार डोक्यात आला, आणि तिथून ते जे लागलं ते लागलंच.

यातही पारख असते हो. पाषाण तलावावर पहाटे दुर्बिणी घेऊन उभे असतात त्यांना शेपटीच्या हालचालीवरून पक्षी कळतो, तसं मला आता अँटेनावरून साल कळतं. उत्तरेकडच्या टॉवरच्या डोक्यावर जो उंच दांडा होता, तो १९७८ च्या सुमारास बसवलेला. दांडा नसेल तर सिनेमा त्याआधी चित्रित झालेला. १९७६ च्या 'किंग काँग'मध्ये तो माकडोबा या टॉवरवरून त्या टॉवरवर उडी मारतो, तेव्हा दोन्ही माथे बोडके आहेत. दांडा असेल तर कॅमेरा कुठे उभा आहे तेही सांगता येतं. दांडा डावीकडे, तर कॅमेरा नदीपलीकडे जर्सीत. उजवीकडे, तर ब्रुकलिनमध्ये. ही विद्या मी एकदा बायकोला समजावून सांगितली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गॅसचा नंबर लावला का?"

आणि ते लांबून नुसते पत्र्याच्या पट्ट्यांसारखे का दिसतात, तर खिडक्यांमुळे. वास्तुकार मिनोरू यामासाकी यांना उंचीची भीती वाटायची, म्हणून त्यांनी खिडक्या जेमतेम दीड फूट रुंदीच्या ठेवल्या, म्हणजे काचेशी उभं राहिलं तरी माणसाला आधार वाटावा. चारशे मीटरच्या वर उंच इमारत बांधणारा माणूस उंचीला घाबरतो, हे मला फार आवडतं. १९७३ मध्ये उद्घाटन झालं तेव्हा लोकांना या इमारती आवडल्या नव्हत्या. एम्पायर स्टेट आणि क्रायस्लर या बिल्डिंगा ज्या खोक्यांतून आल्या तीच ही खोकी, अशी त्यांची टिंगल व्हायची. वाचलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपल्याकडचीच माणसं. नवीन काही उभं राहिलं की आधी नाव ठेवायचं, आणि पाडायला घेतलं की त्याच्यासमोर उभं राहून हळहळायचं.

पडल्यानंतर सिनेमावाल्यांची जी धांदल उडाली तिच्याबद्दल माझं मत अनेकदा बदललं आहे. 'झूलँडर' नावाचा विनोदी सिनेमा त्याच महिन्याच्या २८ तारखेला लागायचा होता. त्यातून टॉवर संगणकाने पुसून टाकले. 'स्पायडरमॅन'च्या जाहिरातीत दोन टॉवरच्या मधल्या जाळ्यात हेलिकॉप्टर अडकतं असं दाखवलं होतं, ती जाहिरातच मागे घेतली. 'द सोप्रानोज' मालिकेच्या सुरुवातीला गाडीच्या बाजूच्या आरशात टॉवर दिसायचे. चौथ्या पर्वापासून आरसा रिकामा. उलट दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीने 'गँग्स ऑफ न्यूयॉर्क'च्या शेवटी शहर वाढत वाढत जाताना दाखवलं आणि टॉवर उभे असतानाच सिनेमा संपवला. तो आला २००२ च्या डिसेंबरमध्ये, म्हणजे ते पडून सव्वा वर्ष झाल्यावर.

पुसणाऱ्यांचा मला आधी राग यायचा. झालेलं का लपवता, असं वाटायचं. मग आत्याचं कपाट आठवलं. तिनेही तेच केलं होतं की. दोनेक वर्षांनी दिवाळीच्या साफसफाईत तो फोटो सापडला, तेव्हा तिने तो पदराने पुसला आणि परत हंसांना टेकवून ठेवला. येणाऱ्याला पुन्हा सांगू लागली, "एकशे दहा मजली होते." क्रियापद तेवढं बदललं.

मला सगळ्यात जास्त काय आवडत असेल, तर ज्या सिनेमाचं टॉवरकडे लक्षच नाही, ते. काँगच्या पोस्टरवर ते मुद्दाम उभे केलेले असतात, लग्नातल्या फोटोसारखे. १९७४ मध्ये फिलिप पेटी दोन टॉवरमध्ये तार बांधून तिच्यावरून चालला होता. त्यावर २०१५ मध्ये सिनेमा निघाला, त्यातले टॉवर संगणकावर बांधलेले. चेहरेपट्टी जुळते, अगदी हुबेहूब, पण ओळख देत नाहीत. याउलट एखादा सुमार विनोदी सिनेमा, नायकाला टॅक्सी मिळत नाहीये, तो धावतोय, आणि गल्लीच्या टोकाला ते दोघं आपले उभे. कॅमेरामनला पत्ता नाही, नायकाला नाही, दिग्दर्शकाला तर नाहीच. उद्याही असणारच आहेत म्हटल्यावर कोण कशाला बघतंय!

"इतकं लांबचं कशाला शोधतोस?" बायको म्हणते. "आपल्याकडचं काय कमी गेलंय?"

खरं आहे. डेक्कनचं नटराज थिएटर गेलं, तिथे मॉल आला. विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला. चांदणी चौकातला पूल पाडला तो २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री, एक वाजता. महिनाभर आधी नोएडातले जुळे टॉवर ज्यांनी नऊ-दहा सेकंदांत जमीनदोस्त केले, तीच मंडळी आली होती. निम्मं पुणं टीव्हीसमोर जागं. मोठ्ठा स्फोट झाला, धूळ उडाली, धूळ बसली आणि बघतो तर पूल पुरता पडलेलाच नाही. मग उरलेला रात्रभर पोकलेनने काढला. शेवटी पुण्यातला पूल, एका शब्दात ऐकेल कसा?

पण आपण गेलेल्या गोष्टी डोळ्यांपेक्षा तोंडात जास्त जपतो. लाकूड जाऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली तरी लकडी पूल तो लकडी पूलच. रिक्षावाल्याला "नटराजपाशी" म्हटलं की माझ्या वयाचा असेल तर तो काही न विचारता वळतो. आणि पुण्याची खरी गगनचुंबी म्हणावी अशी इमारत तर कधीच जळून गेली. शनिवारवाड्याच्या आतला महाल सात मजली होता म्हणतात. सगळ्यात वर मेघडंबरी, आणि तिथून आळंदीच्या देवळाचा कळस दिसायचा असं सांगतात. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि आतलं सगळं गेलं. फोटो काढायची विद्या पॅरिसमध्ये जाहीर झाली ती १८३९ मध्ये. अकरा वर्षांनी चुकामूक! त्यामुळे तो महाल कुणाच्याही खांद्यावरून डोकावत नाही. मालिकांमध्ये येतो तो प्लायवूडचा नाहीतर संगणकाचा, आणि त्याच्यासाठी मी कधीही "मागे घे" म्हणत नाही.

आमचा वाडा मात्र सापडला. म्हणजे अकरा सेकंद सापडला. चुलत बहिणीचं लग्न १९९३ मध्ये पेठेतल्याच एका कार्यालयात झालं होतं, आमच्या वाड्याच्या बरोबर समोर. त्याची कॅसेट माळ्यावर बुरशी धरत होती, ती गेल्या महिन्यात पेनड्राइव्हवर करून आणली. वाडा पडून पंचवीस वर्षं उलटली. आता तिथे पार्किंगवर सहा मजले आहेत आणि खाली मोबाइलची कव्हरं मिळतात. वाड्याचा फोटो आमच्याकडे एकही नाही. राहत्या घराचा फोटो कोण काढतो?

रविवारी सगळे बसलो. बाकीचे माणसं ओळखत होते. "ही कोण गं, बारीक होती की!" "अय्या, काकांना केस!" मी खिडक्यांवर डोळा ठेवून होतो. मंगलाष्टकं संपली, जेवणं झाली, वरात निघायची म्हणून कॅमेरावाला कार्यालयाच्या सज्जात आला आणि समोर वाडा. कौलं, अर्धवट गंजलेला पन्हळ, दिंडीदरवाज्यावरचा पिवळा बल्ब, आणि वरच्या मजल्यावर आमची खिडकी. खिडकीत वाळत घातलेला पंचा आजोबांचाच असणार. मी श्वास रोखून बसलो होतो, तेवढ्यात त्या महाशयांना कला सुचली. बदामाच्या आकारात चित्र मिटत गेलं आणि बदामातूनच नवरा-नवरी उगवले. वाड्यावरून बदाम फिरवला हो त्याने!

"जरा मागे घे," मी म्हटलं. कुणी कुरकुर केली नाही, वाडा त्यांचाही होता. मुलीने मागे घेतलं. पुन्हा सज्जा, पुन्हा कौलं. या वेळी माझ्या लक्षात आलं, की खिडकीच्या डावीकडे, जिथे जिना वर यायचा तो कोपरा, मधे कुणीतरी उभं असल्यामुळे दिसतच नाहीये. जिन्याच्या त्या कठड्यावर मी कर्कटकाने नाव कोरलं होतं. "अजून मागे. हां, आता थोडं पुढे. छे, मधे कोण आलंय ते? सरकतंय का बघ."

मुलीने चित्र थांबवलं.

"अरे, आत्या आहेत त्या," बायको म्हणाली.

आत्याच होती. मोतिया रंगाचं लुगडं, हातात अक्षतांची रिकामी वाटी. तिला जाऊन यंदा सहा वर्षं होतील. दुसरा हात अर्धा वर उचललेला, कॅमेरावाल्याला बाजूला हो म्हणत होती, कारण तिला खाली वरात बघायची होती.

मुलगी म्हणाली, "बाबा, सरकल्या असत्या बघ. पुढे घेऊ?"

"राहू दे," मी म्हटलं. "आहे तिथेच राहू दे जरा."