लांबलेला रविवार

2020 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लॉकडाऊनमध्ये, पंजाबातल्या जालंधरच्या लोकांना गच्चीवरून हिमालयातली धौलाधारची बर्फाळ रांग दिसली. सुमारे 200 किलोमीटरवरची. त्याच सुमारास व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन आल्याची चित्रफीतही फिरत होती, आणि ती निघाली सार्डिनियातल्या एका बंदरातली. त्यामुळे या डोंगरांकडे कुणी संशयानं पाहिलं असेल तर त्याला दोष देता येणार नाही. पण डोंगर खरेच निघाले. तीसेक वर्षांत असे दिसले नव्हते, असं तिथली जुनी माणसं सांगत होती.

मला मात्र डोंगरापेक्षा गच्ची आणि डोंगर यांच्या मधल्या जागेचं कुतूहल वाटलं. तिथं एरवी असतं काय? नुसती हवा, असं आपण म्हणून मोकळे होतो. त्या हवेत मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या, आतबाहेरचे कण तरंगत असतात. प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे, म्हणून उजेड विखुरण्यात भलतेच पटाईत. हवा दमट असली की पाणी पिऊन फुगतात आणि आणखी आडवे येतात. गाड्या आणि कारखाने थांबले, कण घटले, नजर लांब गेली. अर्थात त्या मार्चमध्ये उत्तर भारतात पाऊसही दणकून झाला होता, आणि हवा धुण्याचं काम पावसासारखं कुणाला जमत नाही. श्रेय वाटताना ढगांची आठवण फारशी कुणाला झाली नाही, इतकंच.

लॉकडाऊनची खरी सही उमटली ती नायट्रोजन डायऑक्साइडवर. इंजिनातल्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन या वायूंचं कुटुंब तयार होतं. उन्हात त्याचं आयुष्य काही तासांचंच, त्यामुळे आज किती गाड्या धावल्या हे तो आजच्या आज सांगतो. 23 जानेवारी 2020 ला वुहान बंद झालं आणि सेंटिनेल-5पी उपग्रहाच्या नकाशांवरचा चीनवरचा लाल डाग विरत गेला. यात एक मेख होती. चिनी नववर्षाच्या सुट्टीत हा वायू दरवर्षीच घटतो आणि सुट्टी संपली की पुन्हा चढतो. त्या वर्षी तो चढलाच नाही. मग उत्तर इटली, माद्रिद, पॅरिस आणि 25 मार्चनंतर दिल्ली. पुढे 2021 मध्ये 11 मोठ्या शहरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारा, पाऊस, तापमान यांचा वाटा वजा केल्यावर त्यात घट खरी ठरली, पण बातम्यांनी रंगवली होती तेवढी नव्हे. मला हे शास्त्रज्ञ फार आवडतात. सगळं जग टाळ्या वाजवत असताना हे बसून वजाबाकी करत होते.

आता रविवारची गोष्ट. लॉस एंजेलिसमध्ये कित्येक दशकांपासून माहीत आहे की शनिवार-रविवारी रस्ते ओस पडले की तिथला ओझोन वाढतो. वरच्या थरातला ओझोन आपला रखवालदार. नाकाजवळचा मात्र छातीला जाचणारा. गाड्यांमधून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड हा ओझोन खाऊन टाकतो. गाड्या कमी म्हणजे खाणारा कमी. शिवाय पेट्रोलच्या, रंगांच्या, द्रावकांच्या वाफा आणि ऊन ही ओझोनची बाकीची सामग्री हजरच असते. लॉकडाऊन हा असाच एक रविवार होता, फक्त तो महिनोन्‌महिने संपेना. युरोपात, चीनमध्ये, भारतात अनेक शहरांत ओझोन वाढला, आणि तोही स्वच्छ निळ्या आभाळाखाली, जिथं कुणी त्याचा संशयही घेतला नसता.

बीजिंगची तर वेगळीच तऱ्हा. फेब्रुवारी 2020 मध्ये रस्ते रिकामे, आणि शहर दाट धुरक्यात बुडालेलं. वारा पडलेला, हवा ओलसर, आणि हवेतल्या हवेत वायूंपासून कण बनवणाऱ्या रासायनिक क्रिया जोरात.

खिडक्यांना ही भानगड ठाऊक नसते. रस्त्याकडेच्या खिडकीची चौकट पुसली की फडक्यावर दोन प्रकारचा मळ येतो. एक मातकट, बोटांत चोळला तर रवाळ लागणारा, झटकला की पडणारा. दुसरा काळा, किंचित तेलकट, बोटांच्या रेषांत जाऊन बसणारा आणि साबणालाही दाद न देणारा. त्या महिन्यांत फडक्यावर पहिला येत राहिला, दुसरा जवळजवळ नाहीसाच झाला. मी हे फडकं कुठल्याही यंत्राला जोडलेलं नव्हतं, तेव्हा त्याची साक्ष कुणी फार मनावर घेऊ नये.

आणि आपण तरी बाहेरची ती हवा किती घेतली? सगळे घरात. दिवसभर फोडण्या, तळणं, फरशीवर जंतुनाशकं, खिडक्या कधी उघड्या कधी बंद. बाहेर पडलंच तर नाकावर मास्क. ज्यांना आजार झाला त्यांतल्या अनेकांचा वासच गेला. इतकी बरी हवा आली तीही अशी, नाक बंद असताना.

म्हणून ‘लॉकडाऊननं हवा स्वच्छ केली’ हे वाक्य मला बोचतं. हवा स्वच्छ झाली ती लोकांचे रोजगार थांबले म्हणून. भारतात त्याच मोकळ्या महामार्गांवरून मजूर डोक्यावर बोचकी घेऊन शेकडो किलोमीटर चालत गावी निघाले होते. हवेचा असा प्रयोग करायला एरवी कुणी परवानगी दिली नसती, आणि देऊही नये. झालाच आहे तर निदान त्याची आकडेवारी नीट वाचावी.

ती वाचली तर कार्बन डायऑक्साइडनं या सगळ्याची दखलही घेतली नाही. 2020 मध्ये जगाचं उत्सर्जन सुमारे 5 टक्क्यांनी घटलं, तरी त्या मे महिन्यात हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत 417 पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत 417 भाग) नोंद झाली, आदल्या मेपेक्षा जास्तच. नायट्रोजन डायऑक्साइड तासांत विरतो, याचा मुक्काम शतकांचा. काही महिन्यांच्या बंदला तो कशाला भीक घालेल?

दिल्लीत त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात धुरकं परतलं, धसकटांच्या धुरासह. सप्टेंबर 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपली मार्गदर्शक पातळी आणखी कडक केली: पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 25 मायक्रोग्रॅमवरून 15 वर आणली. लॉकडाऊनमधल्या दिल्लीची सरासरी हवाही या परीक्षेत चांगलीच नापास होते.